मालेगाव कोणतं, हिरालाल कोणते?

वाशिम जिल्ह्यात सहा तालुके आहेत. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा. यातलं 'मालेगाव' हे नाव संगणकाच्या शोधखिडकीत टाकून पाहा. समोर येईल ते नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं मालेगाव. 'कारंजा' टाकलंत तर लाडांच्या कारंजाबरोबर वर्धा जिल्ह्यातलं घाडग्यांचं कारंजाही हजर. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर शोधायला जावं तर धुळे जिल्ह्यातलं शिरपूर दारात उभं राहतं. एसटी स्टँडवर असा घोळ होत नाही. तिकीट मागितलं की कंडक्टर मान वर न करता विचारतो, "कोणतं मालेगाव?" आणि प्रश्न तिथेच मिटतो. संगणक असं काही विचारत नाही, त्याला जे सापडतं ते तो पुढे ढकलतो.

संशोधनाची डिजिटल भांडारं एकमेकांशी जोडायची, त्यांतलं ज्ञान माणसांना आणि दुसऱ्या यंत्रणांना वापरता येईल असं ठेवायचं, ही गोष्ट ऐकायला मोठी तांत्रिक वाटते. सर्व्हर, सॉफ्टवेअर, नियमावल्या. ते सगळं लागतंच. पण मुळात हा सगळा खटाटोप त्या कंडक्टरच्या एका प्रश्नासाठी आहे. यंत्राला 'कोणतं?' हे विचारता यावं आणि नोंदीत त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असावं, इतकंच. वाशिम जिल्हा या कामाची कसोटी घ्यायला फार चांगला आहे, कारण इथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीला दोन नावं आहेत आणि बऱ्याच नावांना दोन गोष्टी.

जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. इंग्रजांच्या कागदांत हा 'बासिम' जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला. वाशिम आणि मंगरुळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळकडे. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला, पण पुसद परत आलं नाही. म्हणजे जुना बासिम आणि आजचा वाशिम एक नव्हेत. कारंजाची तर आणखी मौज. १९०५ पर्यंत ते ज्या मूर्तिजापूर तालुक्यात होतं तो अमरावती जिल्ह्यात होता, मग तालुका अकोल्यात गेला, आणि आता कारंजा वाशिममध्ये आहे. गाव तसूभरही हललं नाही, पत्ता मात्र दोनदा बदलला. तीन वेगवेगळ्या काळांतले तीन अभ्यास त्याला तीन जिल्ह्यांत दाखवतील, तिघेही बरोबर असतील आणि संगणकाच्या दृष्टीने ती तीन गावं असतील. म्हणून जाणकार लोक नोंदीत नावाबरोबर अक्षांश-रेखांशही टाकतात. कारंजा साधारण २०.४८ उत्तर, ७७.४८ पूर्व. जिल्हे मोडोत की जुळोत, ही जागा बदलत नाही.

मघाची जिल्ह्याची जन्मतारीखही पाहा. आपण सवयीने १-७-१९९८ असं लिहितो. अमेरिकेत बसलेल्या प्रणालीने ती वाचली की होते ७ जानेवारी. दोघांचंही काही चुकलेलं नसतं, फक्त आधी ठरवलेलं नसतं. म्हणून भांडारांनी ठरवून घेतलं की तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहायची, १९९८-०७-०१. दिसायला ओबडधोबड, पण आकड्यांच्या क्रमाने लावली की आपोआप ओळीने बसते. यात बुद्धीचा काही चमत्कार नाही. एकदा ठरवलं आणि सगळ्यांनी पाळलं, एवढंच.

आता खऱ्या कामाकडे येऊ. समजा रिसोडची एक विद्यार्थिनी सोयाबीनवर पीएच.डी. करते आहे. तिच्याआधी या भागात कोणी काय अभ्यासलं हे तिला पाहायचं आहे. वाणांच्या चाचण्या, खतांच्या मात्रा, खोडमाशी, येलो मोझॅक यांवरचे प्रबंध अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात झालेले असणार, आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या भांडारात ठेवले जातात. सोयाबीन उत्पादकांचं अर्थकारण, कर्ज, बाजार समित्या यांवरचं काम मात्र संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अर्थशास्त्र-वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी केलेलं असतं. ते 'शोधगंगे'त. शोधगंगा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत तिथे जाऊ लागली. शिवाय रिसोडहून परभणीकडचा रस्ता दूर नाही, तिथलं कृषी विद्यापीठ वेगळं. म्हणजे एकाच शेतातलं पीक, पण त्यावरचं ज्ञान तीन विद्यापीठांत आणि दोन भांडारांत विभागलेलं. पिकाला हे वाटप ठाऊक नसतं.

बरं, शोधायचं कोणत्या शब्दाने? सोयाबीन, सोयाबिन, सोया बीन. इंग्रजीतही निदान तीन स्पेलिंगं, वर शास्त्रीय नाव वेगळं. वाणांचं तर विचारूच नका. 'जेएस ३३५' मध्ये जेएस आणि आकडा यांच्यात कुणी आडवी रेघ देतं, कुणी जागा सोडतं, कुणी दोन्ही चिकटवून टाकतं. राहुरीच्या विद्यापीठाचं 'फुले संगम' आणि 'केडीएस ७२६' हा एकच वाण आहे हे कृषी सेवा केंद्रातल्या पोऱ्याला तोंडपाठ असतं. भांडाराला ते कुणी सांगितलेलंच नसतं. परभणीच्या 'एमएयूएस ७१' मधलं एमएयू म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठ. विद्यापीठाचं नाव २०१३ साली वसंतराव नाईक यांचं झालं, वाणाच्या नावात जुनं विद्यापीठ अजून राहतं आहे. ही अडचण सोडवायची तर कुणीतरी बसून 'हा म्हणजेच तो' अशा जोड्या लावाव्या लागतात. त्याला भारदस्त नाव नियंत्रित शब्दसंग्रह. बारशाला ठेवलेलं नाव एक आणि घरात हाक मारायचं दुसरं, तरी रेशनकार्डावर माणूस एकच, तसलाच हा प्रकार.

भांडारं एकमेकांशी बोलतात म्हणजे नेमकं काय करतात, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. १९९१ पासून पॉल गिन्सपार्ग यांच्या 'अर्काइव्ह' या भांडारात भौतिकशास्त्रज्ञ आपले लेख ठेवू लागले होते. पाहता पाहता अशी भांडारं वाढली आणि प्रत्येकात वेगळं जाऊन शोधणं आलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सँटा फे इथे मंडळी जमली आणि त्यातून एक अगदी साधी बोली तयार झाली. तिचं आजही चालणारं रूप २००२ सालचं. या बोलीत फक्त सहा प्रश्न आहेत. तू कोण? तुझ्याकडे नोंदी कोणत्या साच्यांत आहेत? गठ्ठे कोणते? नुसते नोंदींचे क्रमांक दे. सगळ्या नोंदी दे. ही एक नोंद दे. झाली बोली. 'सगळ्या नोंदी दे' म्हणताना 'अमुक तारखेनंतर बदललेल्याच दे' असंही म्हणता येतं, म्हणजे दर वेळी अख्खं भांडार उपसावं लागत नाही. नोंदी फार असल्या तर भांडार थोड्या देतं आणि सोबत एक खुणेची चिठ्ठी देतं. पुढच्या खेपेला ती चिठ्ठी दाखवली की मागच्या जागेपासून पुढे मोजणं सुरू. बाजार समितीत मापाडी पोती मोजताना मध्येच चहाला उठला तर खडूने जी खूण करून जातो, तीच ही.

अशा रीतीने नोंदी गोळा करत फिरणाऱ्या प्रणालीला या धंद्यात 'हार्वेस्टर' म्हणतात. वाशिममध्ये ऑक्टोबरात हा शब्द उच्चारला तर लोक एकरी भाडं विचारतील. पण उपमा चुकीची नाही. खरगपूरच्या आयआयटीने उभी केलेली 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' ही प्रणाली देशभरच्या भांडारांतल्या नोंदी अशाच आणते आणि एका खिडकीत दाखवते. मूळ प्रबंध जिथला तिथेच राहतो, फिरते ती फक्त त्याची चिठ्ठी. आणि यंत्र चिठ्ठीवर असेल तेच आणतं. शेतात तण असेल तर पोत्यातही तण येणार.

चिठ्ठीवर काय असावं हे १९९५ साली ठरलं, डब्लिनमध्ये. डब्लिन म्हटलं की आयर्लंड आठवतं, पण हे डब्लिन अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं. जगाला 'कोणतं?' विचारायला शिकवणाऱ्या साच्याचं स्वतःचंच नाव असं फसवं निघावं, याला काय म्हणावं! या 'डब्लिन कोअर'मध्ये पंधरा रकाने आहेत. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहभागी, तारीख, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क. पंधराच का, तर कुणालाही सहज भरता यावेत म्हणून. यातला 'व्याप्ती' हा रकाना मला नेहमी गमतीदार वाटतो. विषय कुठल्या जागेचा आणि कुठल्या काळाचा, दोन्ही त्याच डब्यात. वाकाटक राजांच्या वत्सगुल्मावरच्या, म्हणजे जुन्या वाशिमवरच्या, प्रबंधात 'वाशिम' आणि 'पाचवं शतक' एकाच रकान्यात शेजारी बसतात. प्रबंधाचा मार्गदर्शकही असाच अडचणीत येतो. मूळ भांडारात 'संशोधक' आणि 'मार्गदर्शक' असे नीट वेगळे रकाने असतात, पण पंधरा रकान्यांत उतरवताना मार्गदर्शक नुसता 'सहभागी' होतो. कुठे नोंद भरणाऱ्याने घाई केली तर तो थेट 'कर्ता'च बनतो. मग वीस विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलेल्या प्राध्यापकांच्या नावावर वीस प्रबंध लागतात, हे वाचून ते खूश होत असतील तर तो भाग वेगळा.

मग असा ढोबळ साचा घ्यायचाच कशाला? याचं उत्तर वाशिमच्याच इतिहासात आहे. भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल' या शके ११०५ च्या, म्हणजे इ. स. ११८३ च्या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेखेवरची ठिकाणं दिली आहेत. लंकेपासून निघालेली ही रेषा उज्जयिनी, कुरुक्षेत्र असं करत मेरूपर्यंत जाते, आणि वाटेत तिच्यावर वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे वाशिम. (भास्कराचार्यही दोन होऊन गेले. हे बाराव्या शतकातले.) वाशिममधलं मध्यमेश्वराचं मंदिर याच रेषेवर आहे असं गावात सांगतात. आजचा नकाशा उघडला तर वाशिमचं रेखावृत्त उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडं अधिक आहे, म्हणजे सूर्य वाशिमला पाचेक मिनिटं आधी दिसतो. रेषा सरळ नव्हती. पण म्हणून ती निरुपयोगी होती का? पंचांगकर्ता गणित मध्यरेखेसाठी करायचा आणि आपल्या गावासाठी त्याला देशांतराचा संस्कार द्यायचा. पैठणचा सूर्योदय पैठणचाच राहायचा. त्याला आपली वेळ सोडून द्यायला कुणी सांगत नव्हतं. फक्त मध्यरेखेपासून आपण किती पुढे-मागे आहोत एवढं नोंदवायचं होतं. सगळ्यांनी एकच रेषा धरली की कुठल्याही दोन गावांची वेळ एकमेकांशी ताडता येते.

डब्लिन कोअर ही अशीच मध्यरेखा आहे. कृषिकोशाने आपले वाण, हंगाम, जमिनीचे रकाने ठेवावेत, हस्तलिखितांच्या भांडाराने पत्रसंख्या, लिपिकार, लेखनस्थळ ठेवावं. बाहेरच्यांशी बोलताना मात्र आपला कोणता रकाना त्या पंधरांपैकी कशाशी जुळतो याचं कोष्टक द्यावं. आपल्याकडे नवी प्रणाली आली की सगळ्यांनी जुनं टाकून एकाच सॉफ्टवेअरवर यावं असा आग्रह धरला जातो. त्यात पैसा जातो, वर्षं जातात, आणि ज्याचे रकाने खरोखर बारकाईचे होते त्याचेच हाल होतात. देशांतराचं कोष्टक स्वस्त पडतं.

आता माणसांकडे येऊ. कारंजाला बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या जैन शाखांची मंदिरं आहेत आणि त्यांतली हस्तलिखितांची भांडारं शतकानुशतकं सांभाळलेली आहेत. बाहेरच्या विद्वानांना या भांडारांतलं धन कळलं ते मुख्यतः १९२६ साली नागपूरहून निघालेल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीमुळे. ती केली रायबहादूर हिरालाल यांनी. हे कटनीचे, सरकारी सेवेतले, कोरीव लेख आणि गॅझेटियर यांत रमलेले, १९३४ साली वारले. आणि कारंजाच्या अपभ्रंश पोथ्या संपादून जगापुढे आणल्या त्या हिरालाल जैन यांनी. हे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवायचे. 'सावयधम्मदोहा' १९३२, 'पाहुडदोहा' आणि पुष्पदंताचं 'णायकुमारचरिउ' १९३३, 'करकंडचरिउ' १९३४. त्याच कारंजा ग्रंथमालेत त्याआधी १९३१ साली प. ल. वैद्यांनी 'जसहरचरिउ' संपादलं होतं. प्रांत एक, दशक एक, विषय एक, गाव एक, आणि हिरालाल दोन. ग्रंथालयांच्या नोंदींत या दोघांची सरमिसळ झाली तर नवल नाही, झाली नाही तरच नवल.

त्यात पुस्तकांची नावं. 'णायकुमारचरिउ' कुणी 'नागकुमारचरित' म्हणून नोंदवतं, 'जसहरचरिउ'चं 'यशोधरचरित' होतं. पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेत काळ दिलेला असतो तो बहुधा विक्रम संवतात, कधी शकात. इसवी सनासाठी एकातून ५७ वजा करायचे, दुसऱ्यात ७८ मिळवायचे, वर महिन्याप्रमाणे एका वर्षाचा फरक. नोंद करणाऱ्याने संवत म्हणून शकाचं गणित केलं की पोथी एका झटक्यात १३५ वर्षांनी तरुण किंवा म्हातारी. म्हणून शहाणा नोंदकार मूळ काळ जसाच्या तसा एका रकान्यात ठेवतो आणि आपण केलेलं रूपांतर दुसऱ्यात. पुढच्याला चूक सापडली तर दुरुस्त करता यावी.

हस्तलिखितांच्या जगाला ही जोडणी नवी नाही, हेही सांगायला हवं. संगणकाच्या कितीतरी आधी, १९४४ साली, ह. दा. वेलणकरांनी भांडारकर संस्थेकडून 'जिनरत्नकोश' काढला. ठिकठिकाणच्या जैन भांडारांच्या छापील आणि हातयाद्या त्यांनी समोर घेतल्या, प्रत्येकीला एक आखूड संकेताक्षर दिलं, आणि एकेका ग्रंथाखाली तो कुठे कुठे आहे हे संकेतांनी दाखवलं. आज हार्वेस्टर करतो तेच, फक्त वीज न वापरता. वेलणकर मात्र यंत्रापेक्षा एका बाबतीत वरचढ होते. दोन नावांखालचा ग्रंथ एकच आहे का, हा प्रश्न त्यांना पडायचा. कारंजाच्या बलात्कारगणाच्या आणि इतर शाखांच्या भट्टारकांच्या परंपरा वि. प्र. जोहरापूरकरांनी १९५८ च्या 'भट्टारक संप्रदाय'मध्ये लावल्या तेव्हा एकाच नावाचे वेगवेगळे भट्टारक वेगळे काढणं हेच अर्धं काम होतं.

आजच्या संशोधकांसाठी यावर तोड निघाली आहे. २०१२ पासून 'ऑर्किड' नावाची संस्था संशोधकाला सोळा स्थानांचा क्रमांक देते, फुकट. नाव बदला, लग्नानंतर आडनाव बदला, आद्याक्षरं उलटसुलट लिहा, क्रमांक तोच. संस्थांसाठी २०१९ पासून असेच क्रमांक देणारी नोंदवही आहे. तिची गरज आपल्याइतकी कुणाला नसेल. वाशिमवरचा प्रबंध १९८३ च्या आधीचा असेल तर तो बहुधा नागपूर विद्यापीठाचा, नंतरचा अमरावती विद्यापीठाचा. पुढे एक विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं झालं, दुसरं संत गाडगे बाबांच्या. संतांची नावं लागली हे चांगलंच झालं, पण यंत्राच्या लेखी दोन विद्यापीठांची चार झाली.

यानंतर जी गोष्ट सांगायची ती मराठीपुरती आहे, आणि मला ती सगळ्यांत जास्त छळते. 'ॲ' आणि 'अॅ' ही दोन अक्षरं पाहा. डोळ्याला एकच. पहिलं युनिकोडमध्ये एकसंध अक्षर आहे, २००८ साली घेतलेलं. दुसरं म्हणजे 'अ' वर वेगळी टोपी चढवलेली. 'ऱ' चंही असं दोन प्रकारे लिहिता येतं, पण तिथे निदान युनिकोडच्या नियमांनी दोन्ही रूपं समान मानली आहेत. 'ॲ' ला ती सवलत नाही. त्यामुळे एकाने 'ॲग्रिकल्चर' एका पद्धतीने टंकलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर 'एकही नोंद सापडली नाही' असं उत्तर येतं आणि बिचारा समजतो की या विषयावर कुणी काम केलंच नाही. 'वाशिम' आणि 'वाशीम' हे तर उघड्या डोळ्यांना दिसणारं. दोन्ही रूढ आहेत. शोधताना दोन्ही टाकून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

याहून वाईट अवस्था जुन्या फॉन्टमधल्या प्रबंधांची. गेल्या पिढीतले मराठी प्रबंध डीटीपी सेंटरवर कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टांत टंकले गेले. त्यांत संगणकाच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं, वर फक्त मराठीचा मुखवटा. छापलं की उत्तम दिसतं. पीडीएफ केलं की पडद्यावरही उत्तम दिसतं. पण त्यातला शब्द शोधायला गेलात की काही नाही. माझ्याकडे एकदा असा प्रबंध आला, साडेतीनशे पानांचा, वऱ्हाडातल्या बाजारपेठांवरचा. त्यातला एक परिच्छेद उतरवून व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मांजर कीबोर्डवर बसलं का?" हीच खरी चाचणी आहे, आणि कुठलंही महाविद्यालय ती अर्ध्या मिनिटात करू शकतं. पीडीएफमधली एक ओळ उचला, मोबाइलवर चिकटवा. देवनागरी उमटली तर भांडारं ती वाचू शकतील, नाही तर तो प्रबंध म्हणजे साडेतीनशे छायाचित्रं.

अक्षराची इतकी काळजी कशाला, असं वाटत असेल तर वाशिमच्या ताम्रपटाकडे पाहा. १९३९ साली वाशिमला चार ताम्रपत्रं उजेडात आली. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या सदतिसाव्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिलेलं हे दान. सुरुवातीची वंशावळ संस्कृतात, पुढचा व्यवहार प्राकृतात. वा. वि. मिराशींनी त्याचं संपादन केलं, पुढे १९६३ साली वाकाटकांच्या सगळ्या लेखांचा खंडच काढला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या लेखात जो विंध्यसेन येतो तो हाच राजा, हे त्यांनीच जुळवलं. पुन्हा तेच, माणूस एक आणि नावं दोन! आता कोरीव लेखांसाठी 'एपिडॉक' नावाची नोंदपद्धत आहे. तिच्यात पत्र्यावर स्पष्ट दिसणारं अक्षर कोणतं, पुसट म्हणून अंदाजाने वाचलेलं कोणतं, तुटलेल्या जागी संपादकाने भरलेलं कोणतं, हे प्रत्येक ठिकाणी खुणेने वेगळं ठेवतात. छापील पुस्तकात हेच चौकोनी कंसांनी दाखवत, पण यंत्राला त्या कंसाचा अर्थ कळत नसे. आता पॅरिसमधला अभ्यासक 'वत्सगुल्म' शब्द असलेले, आणि तो शब्द खरोखर दगडावर-तांब्यावर दिसत असलेले, तेवढेच लेख मागू शकतो. संपादकाचा अंदाज आणि सोळाशे वर्षांपूर्वीच्या कोरक्याचा हात यांची गल्लत होत नाही.

पत्ता टिकणं ही वेगळी गोष्ट. संकेतस्थळ बदललं की जुने दुवे मरतात, हा अनुभव सरकारी कामात नवा नाही. म्हणून भांडारं प्रत्येक वस्तूला कायमचा क्रमांक देतात. शोधगंगेतल्या प्रबंधाचा क्रमांक १०६०३ या आकड्याने सुरू होतो. उद्या सर्व्हर गांधीनगरहून आणखी कुठे गेला तरी त्या क्रमांकावरून नवा पत्ता मिळेल. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या जुन्या प्रकल्पाचं संकेतस्थळ बंद झालं, तरी त्यातली लाखो स्कॅन केलेली पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर आजही मिळतात, आणि प्रत्येकीच्या अंगावर जुन्या प्रकल्पाचा क्रमांक तसाच आहे. शीर्षकं मोडकीतोडकी, लेखकांची नावं अर्धवट, पण क्रमांक शाबूत, म्हणून माग लागतो.

'हक्क' हा पंधरावा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. २०१३ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने आपलं संशोधन खुलं करण्याचं धोरण जाहीर केलं, ते चांगलंच आहे. पण एखाद्या प्रबंधातला तक्ता उचलून कृषी विज्ञान केंद्राने शेतकऱ्यांच्या पत्रकात छापायचा की नाही, हे त्या रकान्यात एका ओळीत लिहिलेलं नसेल तर सावध माणूस छापत नाही. खुलं आहे पण परवानगी आहे का, या विचारातच हंगाम निघून जातो.

हे रकाने भरतं कोण? बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातला एक साहाय्यक, ज्याच्याकडे देवघेवीचा काउंटर, नॅकची फाइल आणि झेरॉक्सची किल्लीही असते. त्याला एक पेन ड्राइव्ह मिळतो, त्यात '०१', '०२' अशा नावांचे तुकडे, आणि आजच अपलोड करा असा निरोप. मालेगाव कोणतं हे त्याने कुणाला विचारायचं? ज्याने पाच वर्षं त्या मालेगावात फिरून काम केलं, त्यानेच ते लिहून द्यायला हवं. सॉफ्टवेअरवर खर्च झालेल्या पैशातला दहावा हिस्सा जरी नोंदी तपासणाऱ्या माणसांवर गेला असता तरी चित्र वेगळं दिसलं असतं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

तेव्हा या सहा तालुक्यांवर ज्यांचा प्रबंध होऊ घातला आहे त्यांना एवढंच सांगणं. तो युनिकोडमध्ये टंका. सारांश मराठी-इंग्रजी दोन्हींत द्या. गावाच्या नावापुढे तालुका, जिल्हा आणि त्या गावाचा जुना जिल्हाही लिहा, वाणाची दोन्ही नावं द्या, आपला ऑर्किड क्रमांक पहिल्या पानावर घाला. आणि २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याचा क्रमांक ५०२ आहे, तोही नोंदीत टाका.